काळं दिसतं म्हणून टाकू नका

घराला आग लागून गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी एक प्रश्न समोर असतो. यातलं ठेवायचं काय आणि टाकायचं काय? हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही. फावडी-घमेली येतात, पाठोपाठ ट्रॅक्टरची ट्रॉली येते आणि उत्तर हातासरशी मिळत जातं. काळं झालेलं ट्रॉलीत, बरं दिसणारं अंगणात. माझं म्हणणं असं आहे की ही निवड बहुतेक वेळा उलटी होते. घरात राहूच नये अशा कितीतरी वस्तू धुऊन-वाळवून परत घरात येतात आणि जिवापाड सांभाळायच्या वस्तू दुपारच्या आत गावाबाहेरच्या खाणीत जाऊन पडतात.

गेल्या हिवाळ्यात माधवनगरात माझ्या खालाच्या घरी हेच घडलं. माधवनगर म्हणजे सांगलीच्या उत्तरेला, बुधगावला चिकटलेलं गाव. बुधगावकर पटवर्धनांच्या संस्थानात व्यापारी पेठ म्हणून वसलेलं, पुढे सुताचं आणि मागांचं झालेलं. खालाचं सासर पिंजारी, म्हणजे नदाफांचं. खालू हयात होते तोवर गाद्या भरायचे, आता मुलगा भरतो. मागच्या खोलीत पिंजायचं मशीन आणि छताला लागेल इतका कापूस. मीटरजवळच्या जुन्या वायरिंगने रात्री पेट घेतला आणि कापसाने तो पुढे नेला. माणसं वेळेवर बाहेर पडली, सांगलीहून बंब आला, फज्रपर्यंत आग आटोक्यात होती. मागची खोली गेली, मधली निम्मी गेली, स्वयंपाकघर धुराने भरलं, पुढची खोली उभी राहिली.

मी दुपारी पोहोचलो तोवर घर "साफ" झालेलं होतं. गल्लीतली पोरं, शेजारचे मराठा-लिंगायत, तालमीतले दोघे-तिघे, सगळ्यांनी मिळून चार ट्रॉल्या भरून नेल्या होत्या. यात कुणाच्या हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नाही. आपल्याकडे आग लागली की माणसं धावतात आणि ही आपल्या गावांची शिल्लक राहिलेली श्रीमंती आहे. अंगणात मात्र जे ठेवलं होतं ते बघून मला धडकी भरली. तांदळाची दोन पोती, ज्वारीचं एक, पिठाचा डबा, तेलाचा पत्र्याचा डबा, चटणीच्या बरण्या. उन्हात टाकलेल्या तीन गाद्या. खालाच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा दोन महिन्यांचा साठा. आणि भिंतीला टेकवलेलं गॅसचं सिलिंडर, वरचा रंग करपलेला, रेग्युलेटर जागच्या जागी. जी लाकडी पेटी मी लहानपणापासून पलंगाखाली बघत आलो ती कुठे दिसेना. विचारल्यावर कळलं की ती पूर्ण काळी पडली होती, झाकण उघडताच आत राख दिसली, म्हणून पहिल्याच ट्रॉलीत गेली.

आधी धान्याचं बोलू, कारण भांडण तिथेच होतं. खाला म्हणाली, "चावल धो को पकाए तो कुछ नै होता." वरवर बघता तिचं चुकत नव्हतं. पोत्यावर काजळीचा थर नव्हता, डबे बंद होते. पण स्टीलचा डबा बंद असतो म्हणजे हवाबंद नसतो. खोली तापते तेव्हा डब्यातली हवा फुगून फटीतून बाहेर पडते. डबा निवायला लागला की तो बाहेरची हवा आत ओढतो आणि आगीनंतर बाहेरची हवा म्हणजे धूर. गोणपाटाच्या पोत्याला तर अडवणारं काहीच नाही. धूरसुद्धा चुलीचा असता तर गोष्ट वेगळी होती. आजच्या घरात जळतं ते वायरीचं प्लास्टिक, फोमची उशी, नायलॉनचा पडदा, रंग, टीव्हीचा साचा. वायरीवरचं पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, फोमच्या धुरात सायनाइडचा वायू असतो, काजळीला कर्करोगाशी संबंध असलेली हायड्रोकार्बनं चिकटलेली असतात. लंडनमध्ये धुराडी साफ करणाऱ्या पोरांना होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी आहे, हे पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने १७७५ साली सांगून ठेवलं आहे. तांदूळ तीन पाण्यांनी धुतल्याने वरची काजळी जाईल, दाण्यात मुरलेलं जात नाही. पीठ, चटणी, मसाला, तेल, गूळ यांना तर धुवायची सोयच नाही. फ्रीजचं दार बंद होतं हेही कारण पुरत नाही. त्याची रबरी पट्टी उष्णतेने सैल होते आणि वीज गेल्यावर आतलं अन्न तसंही काही तासांत उतरतं.

माणसांनी नाही तर कोंबड्या-शेळ्यांनी तरी खावं, असा एक मधला मार्ग निघाला. तोही बरोबर नाही. त्याच कोंबड्यांची अंडी आणि त्याच शेळीचं दूध परत आपल्याच ताटात येतं.

औषधांबद्दल फार बोलायचं कारण नाही. गोळीच्या पाकिटावर किती अंशाखाली ठेवा हे छापलेलं असतं आणि जळत्या घरातली खोली त्याच्या कितीतरी पट तापते. पाकीट वितळलेलं नाही म्हणून गोळी चांगली, असं होत नाही. रक्तदाब, साखर, दमा यांची औषधं त्याच दिवशी नवी आणावीत. सुरमा, क्रीम, टूथपेस्ट, बाळाच्या दुधाच्या बाटल्या, प्लास्टिकचे डबे हे सगळं याच रांगेत.

गाद्यांवर खालाच्या मुलाशी माझा वाद झाला आणि त्या धंद्यात तो माझा उस्ताद आहे. त्याचं म्हणणं, कापूस आहे, वरचं कव्हर काढू, पिंजून घेऊ, धुरकट वास जाईल. एरवी मी गप्प बसलो असतो. पण कापूस आतल्या आत धुमसतो. वरून पाणी मारलं, हाताला गार लागला तरी पोटात ठिणगी जिवंत राहते आणि एक-दोन दिवसांनी वारा मिळाला की पुन्हा पेट घेते. कापसाची गोदामं विझल्यावर परत पेटतात ती अशीच. अंगणात, घराच्या भिंतीला लागून उन्हात टाकलेल्या गाद्या म्हणजे दुसऱ्या आगीची तयारी होती. शेवटी त्यानेच त्या उचलून मोकळ्या रानात नेल्या, फाडल्या आणि एकीच्या पोटातून खरोखरच धूर निघाला.

सिलिंडर, रेग्युलेटर आणि नळी हा वेगळा प्रकार. ती वापरायची नाहीत आणि टाकायचीही नाहीत. वितरकाला कळवून त्याने ती न्यायची असतात. गॅसमुळे अपघात झाला असेल तर तेल कंपन्यांचा सार्वजनिक दायित्व विमा असतो, नोंदवलेल्या पत्त्यावरच्या मालमत्तेच्या नुकसानीलाही तो लागू होतो. हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं. आपण हप्ता भरलेला नसतो, म्हणून विमा आहे हे डोक्यात येत नाही. ज्या दिवशी सिलिंडर भंगारवाल्याला गेलं त्या दिवशी पुरावाही गेला.

आता काळ्या भांड्यांकडे या. खालाच्या जहेजातली पितळी देग, दोन डेगच्या, तांब्याचा बधना, परात. सगळं कोळशासारखं झालं होतं आणि पोरांनी ते ट्रॉलीत टाकलं होतं. एका शेजारणीने आरडाओरड केली म्हणून देग तेवढी उतरवली. या भांड्यांना काहीही झालेलं नसतं. पितळ वितळायला साधारण ९०० अंशांच्या पुढची आच लागते. काजळी चिंच-मिठाने निघते. गेली असते ती कल्हई, कारण कथील २३२ अंशांना वितळतं. म्हणून नव्याने कल्हई केल्याशिवाय त्यात आंबट शिजवू नये, एवढंच पथ्य. स्टीलची ताटं-वाट्या चांगल्या साबणाने घासून घ्याव्यात आणि लवकर घ्याव्यात. प्लास्टिकच्या धुरातून आलेलं आम्ल ओलसर काजळीत असतं, ते चार-आठ दिवसांत लोखंड-स्टीलला खाऊ लागतं. शिलाई मशीन पुसून तेल दिलं तर वर्षानुवर्षं चालेल, तसंच ठेवलं तर महिन्यात जाम होईल. उलट ॲल्युमिनियमचा कुकर घासूनपुसून चकचकीत झाला तरी मोडीतच द्यावा. फार तापलेल्या ॲल्युमिनियमची ताकद उतरते आणि वाफेच्या दाबाखाली ते दगा देतं. नॉनस्टिकचं तेच. म्हणजे बघा, काळी देग ठेवायची आणि चकचकीत कुकर टाकायचा. डोळे नेमकं याच्या उलटं सांगतात.

छपराच्या सिमेंटच्या पत्र्यांबद्दल एक वाक्य, कारण आमच्या भागात मागाच्या शेडपासून गोठ्यापर्यंत तेच आहेत. ते आगीत तडकून फुटतात, त्यात ॲस्बेस्टॉस असतं, आणि पोरं झाडूने तो चुरा कोरडाच लोटतात. पाणी शिंपडा, तोंडाला फडकं बांधा.

धोकादायक वस्तू लोक ठेवतात त्यामागे अडाणीपणा आहे असं मला वाटत नाही. हिशेब आहे. नैसर्गिक आपत्तीच्या मदतीच्या यादीत आगीचा समावेश आहे, पण २०२२ पासूनच्या केंद्राच्या निकषांत एका कुटुंबाच्या कपड्यांसाठी २,५०० रुपये आणि भांड्याकुंड्यांसाठी २,५०० रुपये धरले आहेत. पाच हजारांत आजच्या भावाने तीन पोती धान्य तरी येतं का ते बघा. ज्या बाईने हंगामात भाव बघून वर्षाचं धान्य भरलं तिला ते खड्ड्यात पुरायला सांगणं सोपं नाही. म्हणून "टाका" असं म्हणणाऱ्याने त्याच श्वासात "मी एक पोतं आणतो" असंही म्हणावं. आमच्याकडे शेवटी ते तसंच सुटलं. मशिदीच्या जमातीने एक पोतं तांदूळ दिलं, शेजारच्या किराणा दुकानदाराने महिन्याचा बाजार उधारीवर दिला, तेव्हा खालाने जुन्या पोत्यांवरचा हात काढला.

दुसरं कारण लाज. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर अख्ख्या शहराने गाद्या, कपाटं, धान्य रस्त्यावर आणून टाकलं. वखारभाग असो की गावभाग, दारोदार ढीग होते. कुणालाच कुणाची लाज वाटली नाही, कारण सगळेच टाकत होते. आग एकाच घराला लागते. तो एकटाच टाकत असतो, गल्ली बघत असते, आणि चांगलं दिसणारं धान्य टाकताना "माजलेत" हा शब्द कुणीतरी बोलेल ही भीती असते. पुराने आपल्याला टाकायला शिकवलं, पण ते फक्त सगळ्यांच्या सोबतीने.

आता त्या लाकडी पेटीकडे येतो, कारण हे सगळं लिहायला बसलो ते तिच्यासाठी.

पेटीत खालूंचे कागद होते. घराचं १९७८ सालचं खरेदीखत, घरपट्टीच्या पावत्या, निकाहनामा, मुलांच्या गुणपत्रिका आणि खालूंचा प्राथमिक शाळेचा दाखला. त्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात "पिंजारी" लिहिलेलं होतं आणि तारीख १९६७ च्या आधीची होती. ज्यांना या तारखेचं महत्त्व माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. महाराष्ट्रात ओबीसीचं जातप्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी करायची तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, जात आणि राहण्याचं ठिकाण दाखवणारा पुरावा मागतात. पिंजारी-नदाफ ओबीसीत आहेत. खालाची नात बारावी विज्ञानाला आहे. तिच्या वडिलांना कधी गरज पडली नाही म्हणून घरात कुणाचीच पडताळणी झालेली नाही. म्हणजे एका मुलीच्या इंजिनिअरिंगच्या जागेचा आधार आजोबांच्या त्या एका कागदावर होता आणि तो "राख" म्हणून गेला होता.

मुसलमानांच्या घरात कागदाला आता आणखी एक वजन आलं आहे, हे मुद्दाम वेगळं सांगायला नको. २०१९ च्या हिवाळ्यात आमच्या घराघरांत जुन्या पेट्या उघडल्या गेल्या, आजोबा-पणजोबांचे दाखले शोधले गेले, लॅमिनेट केले गेले. २०२५ मध्ये राज्य सरकारने उशिराच्या जन्मनोंदीचे नियम कडक केले तेव्हा पुन्हा तेच. कायद्याच्या बाजूने कुणी काहीही म्हणो, घरातल्या बाईला एवढं कळतं की कागद गेला तर फेऱ्या सुरू होतात. ज्या घरात कागदाची इतकी धास्ती आहे त्या घरातून जळका कागद सगळ्यात आधी बाहेर फेकला जावा, हे मला अजून पचलेलं नाही.

ट्रॉलीवाल्याला जागा आठवत होती. खालाचा मुलगा, मी आणि दोन पोरं अंधार पडायच्या आत खाणीवर गेलो. पेटी फुटली होती, पण कागदाचा गठ्ठा जळतो कसा हे लक्षात घ्या. सुटा कागद भुर्रकन जातो. घट्ट बांधलेला गठ्ठा कडेने जळतो, आत हवाच नसल्यामुळे मधला भाग राहतो. आम्हाला वहीच्या आकाराचा, चारी कडा खाल्लेला, बंबाच्या पाण्याने भिजलेला एक गोळा मिळाला. त्यात खरेदीखताच्या पहिल्या पानाचा वरचा कोपरा होता, त्यावर दस्त क्रमांक आणि साल. दाखल्याचा खालचा अर्धा भाग गेला होता. वरच्या अर्ध्यात शाळेचं नाव आणि जनरल रजिस्टरचा नंबर होता.

बस, एवढं पुरतं. मूळ कागद परत मिळवायचा नसतो, त्याची नोंद जिथे आहे तिथे पोचायचं असतं. खरेदीखताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकाकडून मिळते, पण दस्त क्रमांक आणि साल सांगितलं तर दिवसात, नाहीतर नावांच्या सूचीतून शोधत बसावं लागतं. शाळा जनरल रजिस्टरचा उतारा देते, पण नंबर माहीत असेल तर. गुणपत्रिकेची दुय्यम प्रत बोर्डाच्या विभागीय मंडळाकडून मिळते, सांगलीकरांना कोल्हापूरहून, आणि तिथेही बैठक क्रमांक आणि वर्ष विचारतात. निकाहनाम्याची नोंद काझींच्या रजिस्टरात असते. जळक्या कागदावर वाचता येणारा प्रत्येक आकडा म्हणजे एक वाचलेली फेरी. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, माणसं गेली, चौथ्या मजल्यापासून वरच्या फायली जळाल्या. सरकारने काय केलं? जिल्ह्यांतून, इतर कार्यालयांतून प्रती मागवून फायली पुन्हा उभ्या केल्या. मायबाप सरकारलाही हाच मार्ग घ्यावा लागला, तर नदाफाच्या घराने का घेऊ नये.

म्हणून माझा आग्रह आहे की जळक्या घरातला कागदाचा एकही गठ्ठा पहिल्या आठवड्यात बाहेर जाऊ नये. भिजलेला असेल तर पानं ओढून सुटी करू नयेत. सावलीत, पंख्याखाली, मध्ये वर्तमानपत्राचे कोरे कागद घालत वाळवावा. दोन दिवसांत जमणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवावा. हे ऐकून आमच्या आइस्क्रीमवाल्या शेजाऱ्याने माझ्याकडे जे बघितलं ते विसरणार नाही, पण त्याने जागा दिली. भिजलेली पुस्तकं वाचवणारे ग्रंथालयवाले हेच करतात. गारठ्यात बुरशी थांबते आणि सवड मिळते. फोटो एकमेकांना चिकटले असतील तर सोलू नयेत, स्वच्छ गार पाण्यात सैल होऊ द्यावेत. लोखंडी कपाट किंवा तिजोरी गरम असताना मुळीच उघडू नये. आत करपलेल्या कागदाला एकदम हवा मिळाली की उरलेलाही पेटतो.

पैशांचंही तसंच. भिशीचे पैसे एका पत्र्याच्या डब्यात होते. वरून बघता काळ्या पापडाची चवड. पोरांपैकी एकाने ती बोटाने दाबून बघितली आणि वरच्या दोन नोटांचा चुरा झाला. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत अशा करपलेल्या नोटांची सोय आहे. साध्या फाटक्या नोटा कुठल्याही बँकेत चालतात, पण जळून ठिसूळ झालेल्या, हात लावताच मोडणाऱ्या नोटा बँकेची शाखा घेत नाही. त्या रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसात विशेष पद्धतीने तपासल्या जातात. न्यायच्या त्या होत्या तशा, वेगळ्या न करता. खालाच्या मुलाने डब्यात चारी बाजूंनी कापूस भरला (त्याच्याकडे कापसाला तोटा नव्हता, निदान कालपर्यंत) आणि डबा मुंबईला पोचवला. तिथलं उत्तर यायचं आहे.

सोन्याचं तर आपल्याकडे शहाणपण पूर्वापार आहे, फक्त आगीच्या वेळी आठवत नाही. सराफकट्ट्यावर झारेकरी असतात. दुकानांतली माती आणि राख धुऊन ते त्यातून सोन्याचे कण काढतात. घरातल्या आगीत दागिना वितळून मणी झाला तरी सोनं सोनंच राहतं, पण तो मणी राखेत काळा खडा दिसतो. ज्या कोपऱ्यात कपाट होतं तिथली राख चाळल्याशिवाय घमेल्यात भरू नये. खालाच्या नाकातल्या फुलीचा एक मणी असा वाळूच्या चाळणीवर मिळाला.

आणखी एका गोष्टीत घाई अंगाशी येते. तलाठ्याचा पंचनामा आणि विमा असेल तर सर्वेक्षकाची पाहणी होईपर्यंत जळकं सामान हाच पुरावा असतो. एप्रिल २०२१ पासून "भारत गृह रक्षा" नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या विमा कंपन्या देतात. तिच्यात घराच्या विम्याबरोबर सामानही ठरावीक मर्यादेपर्यंत आपोआप धरलेलं असतं. घरासाठी कर्ज काढलेल्या कितीतरी जणांकडे बँकेने काढून दिलेला विमा असतो आणि त्यांना तो माहीत नसतो. चार ट्रॉल्या भरून घर लख्ख केल्यावर पंचनाम्यात लिहिणार काय? निदान प्रत्येक खोलीचे मोबाइलवर फोटो काढून मग फावडं लावावं.

एक नाजूक विषय उरतो. मधल्या खोलीतल्या फळीवर रेहलवर कुरआन होतं, कडेने जळलेलं. ते पोरांनी उचलून बाजूला ठेवलं होतं, पण काही सुटी पानं ढिगाऱ्यात गेली होती. आमच्यात जीर्ण मुसहफला "ठंडा करना" म्हणतात. स्वच्छ कपड्यात गुंडाळून, जिथे पाय पडणार नाही अशा जागी पुरतात किंवा खोल वाहत्या पाण्यात सोडतात. ताबूतसुद्धा आम्ही थंडच करतो आणि आमच्या भागातले हिंदूही तोच शब्द वापरतात. कुणी म्हणेल, जळलंच आहे तर आणखी काय? हजरत उस्मान यांच्या काळात प्रमाण प्रत ठरली तेव्हा बाकीच्या लिखित प्रती जाळण्यात आल्या, हे बुखारीच्या संग्रहात नमूद आहे. म्हणजे आगीचं वावडं नाही, अनादराचं आहे. पण मला काळजी वाटली ती वेगळ्याच कारणाने. गावाबाहेरच्या कचऱ्यात अर्धवट जळालेली कुरआनची पानं कुणाला तरी सापडतात, तो फोटो काढतो, आणि ती कशी तिथे आली हे विचारायच्या आत फोटो तीन तालुक्यांत फिरतो. शेजाऱ्यांच्या देवघरातल्या जळक्या तसबिरींनाही हेच लागू आहे. खाणीवरून आम्ही आणलेल्या वस्तूंत सगळ्यात आधी शोधली ती ती पानं.

जळकी घरं आमच्या या जिल्ह्यांनी फार मोठ्या संख्येने एकदा बघितली आहेत. ३० जानेवारी १९४८ नंतर सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात गावोगावी ब्राह्मणांची घरं पेटवली गेली. व्यंकटेश माडगूळकरांची "वावटळ" त्यावरच आहे. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला आणि त्यांनी तो पुन्हा उभा केला. त्या घरांतल्या लोकांना राख चाळायलाही वेळ मिळाला नाही, कित्येकांनी गावच सोडलं. एखाद्या कुलकर्ण्याच्या वाड्यातलं मोडी दप्तर जळत असेल तेव्हा त्या घराच्याच काय, साऱ्या गावाच्या बांध-विहिरींचे हक्क जळत असतील. खालाचं नशीब इतकं की तिची आग वायरीने लावली होती आणि विझवायला शेजारी आले होते. निवांतपणे ठरवायची मुभा तिला होती. पण तिला कुणी विचारलंच नाही.

हे मला सगळ्यात जास्त खटकलं. चार ट्रॉल्या भरेपर्यंत खालाला शेजारच्या घरात बसवून ठेवलं होतं, "तू कशाला बघतेस" म्हणून. माया होती, मान्य. पण कुठल्या डब्याखाली काय ठेवलंय, कुठली पेटी कशाची, कुठलं चिरगुट हे मेलेल्या लेकराचं अंगडं आहे, हे पन्नास वर्षांत एकट्या तिलाच माहीत होतं. अंगडं गेलं. ते काही कुणाच्या यादीत येणार नव्हतं, ना पंचनाम्याच्या, ना माझ्या. तिने दुसऱ्या दिवशी एकदाच विचारलं आणि मग विचारलं नाही. घर जिच्या हाताखाली चालतं तिला दारात खुर्ची टाकून बसवा, पाणी द्या, आणि प्रत्येक घमेलं तिच्यासमोरून जाऊ द्या. वेळ लागेल. ती रडेल. लागू दे, रडू दे.

ग्रामपंचायतीकडे मी एक मागणी लेखी दिली आहे, कुणाला वापरायची असेल तर इथे देतो. आग लागलेल्या घरासाठी दोन मोठ्या ताडपत्र्या, एक वाळूची चाळण, दहा प्लास्टिकची घमेली आणि आठ दिवस वापरता येईल अशी एक बंद खोली. ताडपत्रीवर "पंचनाम्यानंतर" असं लिहायचं. खोलीत कागद, फोटो, भांडी, आणि ज्यांचं काय करायचं हे आज ठरवता येत नाही ते सगळं. गॅस, वायर, औषध, धान्य, गाद्या यांना त्या खोलीत जागा नाही. शाळेची जुनी खोली रिकामी आहे, किल्ली कुणाकडे ते सरपंच बघून सांगणार आहेत. खालाच्या नातीला जनरल रजिस्टरचा उतारा मिळाला आहे, पडताळणीचा अर्ज पुढच्या महिन्यात भरायचा आहे.